किल्ली कोणाकडे? पुण्यातल्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक बाई आणि सर,

सप्रेम नमस्कार.

जून लागला की तुमच्या टेबलावर काय काय येऊन पडतं ते मला ठाऊक आहे. वेळापत्रकाचा कच्चा खर्डा, गळणाऱ्या वर्गाबद्दलचं दर पावसाळ्यातलं तेच पत्र, रिक्षावाल्या काकांच्या तक्रारी, दाखल्यासाठी दारात उभे पालक, आणि या सगळ्याच्या खाली दबलेली वार्षिक नियोजनाची फाइल. पेठेतल्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची चार वर्षं पर्यवेक्षिका होते. तेव्हा ती फाइल मीच भरायचे. तिच्यात 'सहशालेय उपक्रम' नावाचं एक पान असतं. हे पत्र त्या एका पानाबद्दल आहे.

मी त्या पानावर काय लिहायचे? जून: शालेय मंत्रिमंडळाची निवड. जुलै: वृक्षदिंडी. सप्टेंबर: शिक्षक दिन, विद्यार्थ्यांकडून अध्यापन. ऑक्टोबर: वाचन प्रेरणा दिन. डिसेंबर: स्नेहसंमेलन. जानेवारी: सावित्रीबाईंची जयंती. शेवटच्या रकान्यात 'साध्य होणारी मूल्ये'. शाळांच्या भिंतींवर रंगवलेली ती दहा मूल्यं तुम्हाला पाठच असतील: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता वगैरे. त्यांतली रकान्यात मावतील तेवढी मी मागच्या वर्षीच्या फाइलीवरून उतरवून काढायचे. वृक्षदिंडीपुढे एकदा 'वक्तशीरपणा' लिहिलेला आठवतो. दिंडी त्या वर्षी पाऊण तास उशिरा निघाली, कारण प्रमुख पाहुणे आले नव्हते.

मुलं सगळीकडे होती. फोटोत तर पहिल्या रांगेत होती. पण रोप कोणतं लावायचं, घोषणा कोणत्या द्यायच्या, पाहुण्यांना गुलाब कोणी द्यायचा, आभार कोणी मानायचे आणि आभारात कोणाचं नाव चुकूनही विसरायचं नाही, हे आम्ही आधीच शिक्षकांच्या खोलीत ठरवून ठेवलेलं असायचं. मग अहवालात लिहायचं, 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे सहभाग घेतला.' हा 'उत्स्फूर्तपणे' मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेन, देव जाणे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. मुलांना चांगलं वळण लागावं असं मनापासून वाटत असेल, तर त्यांच्या हाती एखादं खरं काम द्या. ज्यात पैसे हाताळायचे असतील, कुलपाची किल्ली असेल, चुकायला वाव असेल असं काम. आणि मग आपण बाजूला व्हा. हे शेवटचं आपल्याला जमत नाही. मलाही नोकरीत असताना जमलं नाही, आणि निवृत्तीनंतर जे पाहिलं त्यावरून ते कळलं.

झालं असं की माझी एक जुनी विद्यार्थिनी सिंहगड रस्त्याकडच्या एका शाळेत शिकवते. शाळेतली बहुतेक मुलं आसपासच्या वस्तीतली. "बाई, आठवड्यातून दोन सकाळी येता का?" असं तिने विचारलं, आणि मी जायला लागले. तिथे तिने सातवीच्या मुलांना एक दुकान काढू दिलं होतं, दुकानदार नसलेलं. कल्पना काही नवी नाही, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी ती आधी राबवली आहे. जिन्याखाली एक बाक. त्यावर वह्या, पेनं, खोडरबरं, पट्ट्या, आलेखाचे कागद. भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर भाव, आणि पैसे टाकायला श्रीखंडाचा रिकामा डबा. वस्तू घ्या, पैसे टाका, चालू लागा. भांडवल हजार रुपये, तिनेच उसने दिलेले. माल आणायला मुलं पीएमपीच्या बसने अप्पा बळवंत चौकात गेली होती. ही सोबत होती, पण दुकानाच्या पायरीखाली उभी राहिली. "काका, डझनावर एक वरती द्या की," असं एका मुलाने सांगितलं आणि काकांनी दिलंही. तो मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नाही, असं ती म्हणाली.

पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर हिशेब झाला. विकलेल्या मालाचे ४१२ रुपये व्हायला हवे होते. डब्यात निघाले ३६९. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा एकाने डबा उलटा करून तळावर थापट्या मारल्या. ४३ रुपये कमी ते कमीच.

बातमी ऑफिसात पोचली. मुख्याध्यापक भला माणूस, पण तुमच्या-माझ्यासारखाच. "त्या जिन्यापाशी कॅमेरा लावून टाकू," म्हणाले. दोन मुलांनी लगेच माना डोलावल्या. एकाने तर संशयितांची यादीसुद्धा केली होती, आणि त्या यादीत अर्थातच सगळे 'ब' तुकडीतले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून माझ्या पायावर पाय पडला. मी जिला आठवीत बाकावर उभं केलं होतं, ती मला गप्प करत होती!

मग मागून एक बारकीशी मुलगी म्हणाली, "खोडरबर तीन रुपयांचं आहे. माझ्याकडे पाचाचं नाणं होतं आणि डब्यात सुट्टे नव्हते. उद्या टाकू म्हटलं आणि विसरले. तीन रुपये माझ्याकडे आहेत."

जरा वेळ सगळे शांत. मग दुसरा म्हणाला, माझेपण तीन. एकेक करत पाच जण निघाले, आणि पाचवा म्हणजे यादी करणारे साहेब स्वतः. पंधरा रुपयांचा उलगडा झाला. सोमवारी बाकाला सुतळीने एक वही बांधली गेली, पेनासकट. वर मोठ्या अक्षरांत 'उधारीची वही. मागचं राहिलेलंही लिहावे.' मधल्या सुट्टीपर्यंत तिच्यात आणखी दोन नोंदी पडल्या. 'गणिताचे सर, लाल पेन, १०.' 'पाहुण्या बाई, लाल पेन, १०.' सरांनी काही स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. त्यांना पेन नेताना पाहिलेल्या मुलीने लिहिलं होतं. आणि पाहुण्या बाई म्हणजे मी. शुक्रवारी वह्या तपासायला लाल पेन हवं होतं, बाकावर दिसलं, उचललं. शाळेत एकतीस वर्षं काढली की जगातली सगळी लाल पेनं आपली वाटायला लागतात.

वसुलीला तिघं आली. दाराशी एकमेकांना कोपरांनी ढकलत बराच वेळ उभी होती. शेवटी बारकीने सुरुवात केली, "बाई, ते... दहा रुपये." मी पन्नासची नोट काढली. सुट्टे नव्हते. "असू दे गं, ठेवा तुमच्या दुकानाला," मी म्हटलं. "नको बाई, हिशेबात बसणार नाही. उद्या दहाच आणा." मी दुसऱ्या दिवशी दहा रुपये घेऊन गेले. फक्त तेवढ्यासाठी गेले, माझा वार नव्हता.

राहिले आठ रुपये. ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. कोणीतरी सुचवलं, आपण आपसांत काढून भरून टाकू. बारकी म्हणाली, मग वही खोटी होईल. म्हणून त्यांच्या वहीत आजही एक ओळ आहे: 'न सापडलेले, ८ रुपये.' मोठमोठ्या संस्थांच्या ताळेबंदांतही मला इतकी सरळ ओळ फारशी दिसलेली नाही.

आता कल्पना करा, कॅमेरा त्या शनिवारीच लागला असता तर? त्रेचाळीस रुपयांना 'चोरी' हे नाव कायमचं चिकटलं असतं, 'ब' तुकडीलाही, आणि खरी अडचण सुट्ट्या पैशांची होती हे कोणाला कळलंच नसतं.

सगळं असं गोडच झालं असंही नाही. दिवाळीनंतर दुकान तीन आठवडे बंद होतं. माल ठेवायच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार यावरून भांडण झालं, गट पडले, दोन मैत्रिणींनी डबा खायच्या जागा बदलल्या. मी दर खेपेला त्या रिकाम्या बाकाजवळून जायचे आणि माझे हात शिवशिवायचे. पाच मिनिटांत मिटवलं असतं. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "तुम्ही मिटवलंत तर ते तुमच्यापाशी मिटेल, बाई." शेवटी एका मुलाची आई बँकेत साफसफाईचं काम करते, तिच्याकडून त्याला कळलं की लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. कपाटाला दुसरं कुलूप आलं. एक किल्ली एका गटाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दुकान उघडायचं तर दोघांनीही यायलाच हवं. आठवडाभर दोन्ही बाजू तोंड फिरवून कुलपं उघडत होत्या. नंतर बोलायला लागल्या.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगायला मला हे पत्र लिहायला घेतल्यापासून तीन दिवस लागले.

पर्यवेक्षिका असताना आमच्याकडेही मंत्रिमंडळ होतं. मुख्यमंत्री, क्रीडामंत्री, सांस्कृतिक मंत्री, आरोग्यमंत्री. शपथविधी दणक्यात व्हायचा, छातीवर बिल्ले लागायचे. बिल्ल्यांपलीकडे मंत्र्यांना काम नव्हतं. एका वर्षी आरोग्यमंत्री झालेल्या नववीच्या मुलीने ते खरं मानलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला आतून कडी नव्हती. मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, किंवा मुली दिवसभर पाणीच पीत नसत. तिने मला अर्ज दिला. 'विषय: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसविण्याबाबत.' मराठीच्या उपयोजित लेखनात पत्रलेखन शिकवतात, अगदी त्या साच्यात. मी 'छान लिहिलंयस हं' म्हणाले आणि अर्ज खणात टाकला. सहामाही जवळ आली होती.

पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज आला. तोही खणात. तिसरा आला तो माझ्याकडे नाही, कार्यालयात. तिने लेखनिकांकडून त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला होता, आणि विषयाखाली लिहिलं होतं: 'संदर्भ: १) आमचा पहिला अर्ज, २) स्मरणपत्र.' लेखनिक हसत हसत तो मला दाखवायला घेऊन आले. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी कडी बसवली. चाळीस रुपयांत काम झालं.

इथे थांबले असते तर ही गोष्ट चांगली झाली असती. पण पुढच्या जूनमध्ये आम्ही मंत्रिमंडळ निवडायला बसलो, तेव्हा त्या मुलीचं नाव निघालं आणि मीच म्हणाले, "यंदा जरा समंजस मुलगी घेऊ." सगळ्यांना समंजस म्हणजे काय ते कळलं. मुलीलाही कळलं असणार. दहावीचं वर्ष तिने शांतपणे काढलं. तिला माझ्या शाळेने काय शिकवलं याचा विचार मी अजूनही करते.

आपल्या शहराला मुलांच्या आवाजाची सवय नाही असं मात्र म्हणू नका. १८४८ साली याच गावात, भिडे वाड्यात, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. कोवळ्या वयाची मुलगी, आणि धर्माला, धर्म सांगणाऱ्यांना, पेशवाईतल्या अन्यायाला थेट प्रश्न विचारते. आज कोणा आठवीतल्या मुलीने इतका धारदार निबंध आपल्या शाळेच्या वार्षिकांकासाठी आणून दिला, तर आपण छापू? मी छापला नसता. 'भाषा जरा सौम्य कर बाळा' म्हणाले असते, आणि तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातला असता.

इतक्या मागे जायचं नसेल तर दिवाळीत आपल्या सोसायटीच्या कोपऱ्यात डोकावा. म्हणजे जिथे अजून माती उरली आहे तिथे. पाच-सात पोरं किल्ला करतात. कोणी सांगितलेलं नसतं. दगड-विटा गोळा करायच्या, गोणपाट चिखलात बुडवायचं, हळीव पेरायचे, बुरूज ढासळला की कोणामुळे ढासळला यावर भांडायचं आणि रात्रीत पुन्हा उभा करायचा. मावळे कोणाचे, ते किल्ल्यावर कुठे बसणार, सहामाहीत नापास झालेल्याला घ्यायचं की नाही, सगळ्याचा निवाडा तिथल्या तिथे. आता तयार किल्ले विकत मिळतात, आणि किल्ला स्पर्धांना परीक्षक येतात म्हणून वडील ऑफिसातून लवकर येऊन बुरूज सरळ करतात. बिघाड कुठे होतो ते यातच दिसतं.

गॅदरिंगचंही तेच झालं. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेला याच पुण्यातली कॉलेजची मुलं स्वतः लिहितात, बसवतात, नेपथ्य उचलतात, पडली तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतात. 'अरे आव्वाज कुणाचा' हे बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतं. त्याच शहरातल्या शाळा मात्र बाहेरून नृत्यदिग्दर्शक बोलावतात, पोशाख भाड्याने आणतात, पालकांकडून पैसे गोळा करतात आणि मुलांना सांगतात, तू तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा. अकरावीला गेल्यावर एकाएकी कुठून येणार मग तो आव्वाज?

काम द्यायचं म्हणजे झाडूही आलाच, आणि इथे पालक तुमच्या केबिनमध्ये येतील. "आम्ही फी भरतो ती मुलांनी झाडायला?" फी न भरणाऱ्या शाळांतही हे ऐकू येतं, फक्त आवाज वेगळा असतो. तिथल्या आयांना भीती असते की आपलं आयुष्य झाडण्यात गेलं, निदान पोरीने तरी पुस्तक हातात घ्यावं. हे दोन आक्षेप एकाच मापाने मोजू नका. दुसऱ्याला उत्तर देताना जपून बोला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या ज्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव मिळालं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं वाक्य त्या राबण्यातून आलं आहे. सगळेच राबत होते, हे त्यातलं मर्म. आपल्याकडे भिंतीवर 'श्रमप्रतिष्ठा' रंगवलेलं असतं आणि भिंतीखालचा कचरा मावशी काढतात. मुलांना झाडू द्यायचा तर तो 'अ' तुकडीच्या हातीही पडू दे, मुलग्यांच्याही हाती, आणि पाळीप्रमाणे एक दिवस तुमच्याही. रांगोळी मुलींनी आणि मांडव मुलग्यांनी, ही वाटणीसुद्धा एकदा उलटी करून पाहा. आमच्याकडे एका वर्षी चुकून झाली होती. रांगोळी भयंकर आली, पण मांडव अजिबात हलला नाही.

पुढारीपणासाठी दरवर्षी तीच पाच मुलं निवडली जातात, हे तुम्हालाही दिसत असेलच. ज्यांचं पाठांतर चांगलं, अक्षर चांगलं, ज्यांचे पालक पालक-शिक्षक संघात आहेत. त्यांना वाईट म्हणत नाही, पण त्यांना आणखी एक बिल्ला नको आहे. निम्मी पदं चिठ्ठ्या टाकून भरा. अप्पा बळवंत चौकात डझनावर एक वरती मागणारा मुलगा कोणत्याही निवडणुकीत निवडून आला नसता.

एका गोष्टीत मात्र मी जुन्या मास्तरणीसारखी कडक आहे. मुलांना काम द्या, शिक्षा करायचा अधिकार देऊ नका. वर्गात बाई नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटर आपण सगळ्यांनी नेमला आहे. त्याने काय होतं? तो आपल्या मित्राचं नाव पुसतो आणि ज्याच्याशी कट्टी आहे त्याच्या नावापुढे फुल्या वाढवतो. परिपाठाला रांगेत उभं करून एका मुलाने दुसऱ्याची नखं आणि कॉलर तपासणं हेही बंद करा. ज्याच्या घरी नळाला पाणी दिवसाआड येतं, त्याची कॉलर सगळ्यांदेखत उलटी करून आपण कोणतं मूल्य साध्य करतो? आणि मारहाण, छेडछाड, अंगचटी असं काही कानावर आलं, तर तिथे 'मुलांचं मुलं बघतील' हे अजिबात चालणार नाही. लैंगिक छळाच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवण्याची जबाबदारी आपल्यावरच टाकली आहे. बाजूला व्हायचं म्हणजे उठून जायचं नाही. पायरीखाली उभं राहायचं.

वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचारणारच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचं म्हटलं आहे. त्या दिवसांच्या सहली आणि व्याख्यानं ठरवण्याआधी त्यातले दोन दिवस मुलांना मोकळे द्या आणि त्यांनाच विचारा, शाळेतलं काय तुम्हाला खटकतं? पहिल्यांदा 'गणिताचा तास' असं उत्तर येईल, ते हसून सोडून द्या. नंतर कडी, नळ, पोषण आहाराच्या रांगेतली ढकलाढकली, ग्रंथालयाच्या कपाटाला कायम असलेलं कुलूप अशी खरी उत्तरं यायला लागतील. त्यातलं एक त्यांना निवडू द्या, आठवड्याला एक तास द्या, दोन हजारांपर्यंतचे पैसे द्या आणि हिशेब नोटीस बोर्डावर लावायला सांगा. त्याच बोर्डावर गॅदरिंगचा शाळेचा हिशेबही लावायची तयारी ठेवा. तो मुलं मागणारच, आणि मागितला तर ती उद्धट झाली असं समजू नका.

आणि कृपा करून त्याला गुण देऊ नका, प्रमाणपत्रं देऊ नका. दहावीच्या वाढीव गुणांपायी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. ज्यांना रेघ ओढायची हौस नाही तेही वर्गणी भरून क्लासला जातात. खरेपणाला दहापैकी आठ मिळायला लागले की मुलं खरेपणाचाही क्लास लावतील, आणि पुण्यात तो सुरूही होईल, टिळक रस्त्यावर, सकाळ-संध्याकाळ दोन बॅच.

अपयशाची तरतूद फाइलीत करून ठेवा, एवढंच उरलं. 'उपक्रम बंद पडला' हे वाक्य शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायच्या अहवालात लिहायची मुभा तुमच्या शिक्षकांना असू दे. ती नसेल तर शिक्षक उपक्रम बंद पडू देणार नाहीत, म्हणजेच तो स्वतः चालवायला घेतील, आणि आपण पुन्हा 'उत्स्फूर्तपणे' लिहायला मोकळे.

तुमच्यापैकी कोणाला जिन्याखाली असं एखादं बाक मांडायचं असेल तर मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सोडून कधीही येऊ शकते. शाल-श्रीफळ नको, फलकावर नाव नको, भाषणही करणार नाही. उधारीच्या वहीचा नमुना घेऊन येईन. सुरुवातीला एक आणि दोन रुपयांची नाणी मात्र बरीच लागतील, तेवढी आधी जमवून ठेवा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
पुणे

ता. क. त्या नववीतल्या मुलीला मी शोधते आहे. शाळेच्या नोंदवहीतला पत्ता जुना निघाला, त्या वाड्याच्या जागी आता इमारत आहे. तिचे पहिले दोन अर्ज माझ्याकडे अजून आहेत. खण रिकामा करताना सापडले.